स्विमिंग टँकमधली केमिकल्स आणि मुलांचा श्वास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी लहान मुलांना पोहायला शिकवते आणि माझ्या स्वतःच्या मुलीला दमा आहे, त्यामुळे या विषयावरचे प्रश्न मला दोन्ही बाजूंनी ऐकावे लागतात. दर सीझनला तेच प्रश्न येतात म्हणून आता एकदाच नीट लिहून ठेवतेय. मी डॉक्टर नाही, औषधाचं जे काही असेल ते तुमच्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या, पण पाण्यात काय चाललंय आणि त्यावरच्या हवेत काय चाललंय हे कुठल्याही आईबापाला समजू शकतं आणि समजायलाच हवं. आत्ता या क्षणी मुलाला गॅस लागला असेल तर बाकी काही वाचू नका, सरळ प्रश्न १४ वर जा.

१. टँकच्या पाण्यात नेमकं टाकतात तरी काय? आणि काहीच नाही टाकलं तर?

मुख्य म्हणजे क्लोरीन. ते लिक्विडमधून येतं (सोडियम हायपोक्लोराइट), पावडर किंवा दाण्यांमधून येतं (कॅल्शियम हायपोक्लोराइट), नाहीतर हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्यांमधून. पाण्यात गेल्यावर या सगळ्यांपासून हायपोक्लोरस अ‍ॅसिड बनतं आणि जंतू मारायचं काम तेच करतं. त्याशिवाय पाण्याचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप, खाली आणायला अ‍ॅसिड टाकतात, वर न्यायला सोडा.

काहीच टाकलं नाही तर काय, याचं उत्तर सरळ आहे, मुलं आजारी पडतील. पाण्यात १ पीपीएम (लिटरला १ मिलिग्रॅम) फ्री क्लोरीन, म्हणजे जंतू मारायला मोकळं असलेलं क्लोरीन, असेल आणि पीएच बरोबर असेल तर ई. कोलायसारखा जंतू मिनिटाच्या आत मरतो, हिपॅटायटिस ए च्या विषाणूला साधारण १६ मिनिटं लागतात. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा एक चिवट परजीवी मात्र त्याच पाण्यात १० दिवस जिवंत राहतो, म्हणून जुलाब लागलेल्या मुलाला टँकवर आणायचं नसतं, कितीही क्लोरीन असलं तरी. तेव्हा "केमिकल नको" हा हट्ट मला पटत नाही. केमिकल हवं, पण मापात आणि हवा खेळती ठेवून.

२. क्लोरीनचा वास जोरात येतोय म्हणजे पाणी एकदम स्वच्छ आहे ना?

नाही. सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे आणि सगळ्यात मोठा गैरसमजही हाच, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आपण ज्याला "क्लोरीनचा वास" म्हणतो तो बहुतेक वेळा क्लोरीनचा नसतोच. पोहणाऱ्यांच्या अंगावरचा घाम, लघवी, क्रीम, तेल हे पाण्यात उतरतं, त्यातल्या युरिया आणि अमोनियासारख्या नायट्रोजनवाल्या गोष्टींबरोबर क्लोरीनची गाठ पडते आणि क्लोरामाइन्स तयार होतात. यातलं ट्रायक्लोरामाइन पाण्यात फारसं थांबत नाही, लगेच हवेत येतं, आणि हवेपेक्षा जड असल्यामुळे पाण्याच्या पृष्ठभागालगतच रेंगाळतं, म्हणजे बरोबर तिथे जिथे पोहणारं मूल तोंड वर काढून श्वास घेतं. डोळे चुरचुरणं, घसा खवखवणं, कोरडा खोकला, छातीत आवळल्यासारखं होणं, हे सगळं बऱ्याचदा त्याचंच काम.

म्हणजे उग्र वास याचा अर्थ क्लोरीन घाण मारता मारता खर्ची पडलंय आणि हवा कोंडलीय. नीट सांभाळलेल्या टँकवर वास जेमतेम जाणवतो. आता गोची अशी की काही ठिकाणी वास आला की क्लोरीन जास्त झालं समजून कमी करतात, आणि त्याने क्लोरामाइन्स फुटत नाहीत, उलट साचतच जातात. उपाय काय ते प्रश्न १३ मध्ये आहे.

माझी स्वतःची पद्धत सांगते. दार उघडून आत गेल्यावर पहिल्या श्वासालाच नाकाला झोंबलं तर मी त्या दिवशी मुलांना पाण्यात उतरवत नाही. दोन मिनिटांनी आपल्या नाकाला सवय होते आणि वास गेल्यासारखा वाटतो, पण हवा तीच असते, म्हणून पहिला श्वास महत्त्वाचा.

३. पोरं पाण्यात शू करतात, पण एवढ्याशाने एवढ्या मोठ्या टँकला काय होणार?

एका मुलाच्या एकदाच्या शू ने टँक बिघडत नाही, पण बॅचमागून बॅच येते आणि पाणी तेच असतं. लघवीत आणि घामात युरिया असतो, फिल्टरला तो अडवता येत नाही, तो पाण्यात साचत जातो आणि क्लोरीनशी हळूहळू रिअ‍ॅक्शन होत ट्रायक्लोरामाइन बनत राहतं. म्हणजे सकाळच्या बॅचने केलेलं संध्याकाळची बॅच हुंगते, असं म्हटलं तरी चालेल.

यावरचा उपाय फुकट आहे. पाण्यात जायच्या आधी मिनिटभर शॉवर, नुसतं पायावर पाणी मारून पळायचं नाही तर अख्खं अंग चोळून. मिनिटभराच्या शॉवरनेही अंगावरची बरीचशी घाण निघून जाते. आधी टॉयलेटला जाऊन यायचं आणि लहान मुलांना दर तासाला बाहेर काढून परत न्यायचं. डायपरवाली बाळं असतील तर डायपर टँकच्या काठावर बदलू नका, बाथरूममध्ये बदला. मुलांना ओरडण्यापेक्षा हे खरं कारण समजावून सांगा, माझ्या बॅचमधली ६ वर्षांची मुलंसुद्धा "डोळे चुरचुरतात ते शू मुळे" हे ऐकल्यापासून स्वतःहून बाहेर पळतात.

४. आम्ही काठावर दोन-दोन तास बसतो, आम्हाला काही होत नाही. मुलांनाच त्रास का?

एक तर तुम्ही खुर्चीत बसलाय आणि मूल पाण्याला नाक लावून पोहतंय, आणि गॅसचा थर कुठे असतो ते वर लिहिलंच आहे. दुसरं म्हणजे वजनाच्या मानाने मुलं मोठ्यांपेक्षा जास्त हवा आत घेतात, त्यात पोहताना धाप लागते, श्वास तोंडाने घेतला जातो, त्यामुळे नाक जी गाळणी करतं ती होतच नाही. तिसरं, त्यांच्या श्वासनलिका अरुंद असतात, थोडी सूज आली तरी हवेची वाट लगेच कमी होते. शिवाय मुलं पाणी उडवतात, उड्या मारतात, आणि पाणी जितकं घुसळलं जाईल तितकं ट्रायक्लोरामाइन जास्त बाहेर पडतं. कारंजी, घसरगुंड्या असलेल्या बंदिस्त बेबी पूलमध्ये हवा सगळ्यात वाईट असू शकते ती याचमुळे.

५. पोहून आला की रात्री खोकत बसतो. हे टँकमुळे की साधी सर्दी?

एकदाच झालं तर सांगता येत नाही. चारपाच आठवडे वहीत लिहून ठेवा: कुठल्या दिवशी पोहला, किती वेळ, वास होता का, गर्दी होती का, खोकला कधी सुरू झाला, कधी थांबला. टँकच्या हवेचा त्रास असेल तर तो सहसा पाण्यात असतानाच किंवा बाहेर आल्यावर लवकर सुरू होतो, डोळे नाकही चुरचुरतात, ताप नसतो, आणि सुट्टीच्या दिवसांत गायब होतो. सर्दीचं गणित वेगळं, ती टँकला गेलं नाही तरी चालूच राहते, अंग गरम लागतं, घरात अजून कोणीतरी शिंकत असतं.

तिसरीही एक शक्यता असते जी पालक मानायला तयार नसतात, ती म्हणजे मुलाला दमा आहे पण अजून कोणी ओळखलेला नाही. पोहतानाच नाही तर धावताना, खूप हसताना, रात्री उशिराही खोकला येतो, छातीतून सूं सूं आवाज येतो, असं असेल तर टँकला दोष देत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. तुमची ती वही सोबत न्या, त्यांना खूप उपयोग होतो.

६. माझ्या मुलीला क्लोरीनची अ‍ॅलर्जी आहे असं सगळे म्हणतात, टेस्ट करून घेऊ का?

धुळीची किंवा परागकणांची असते तशी ही अ‍ॅलर्जी नसते. क्लोरीन आणि क्लोरामाइन्स चिडवतात, म्हणजे कातडीची, डोळ्यांची, श्वासनलिकेची आग करतात, आणि प्रमाण वाढलं तर हा त्रास कोणालाही होऊ शकतो. ज्यांना आधीच अ‍ॅलर्जिक सर्दी किंवा दमा आहे त्यांना कमी प्रमाणातही होतो, एवढाच फरक. त्यामुळे धूळ-परागकणांसाठी हातावर करतात त्या टेस्टमधून क्लोरीनचं काही निघत नाही. पोहल्यावर फक्त नाक गळत असेल, शिंका येत असतील तर नाकाची क्लिप लावून बघा, बऱ्याच मुलांना तेवढ्याने फरक पडतो, आणि नंतर मिठाच्या पाण्याच्या ड्रॉप्सने किंवा स्प्रेने नाक साफ करा. गॉगल डोळ्यांना वाचवतो, फुप्फुसांना नाही. साधा कापडी मास्कही ट्रायक्लोरामाइनला अडवत नाही.

७. पोहायला गेल्याने दमा होतो असं वाचलं. खरंय का?

ही भीती हवेतून आलेली नाही. २००३ मध्ये बेल्जियममधल्या संशोधकांनी बंदिस्त टँकवर नियमित जाणाऱ्या शाळकरी मुलांचा अभ्यास करून असं मांडलं की टँकच्या हवेने फुप्फुसांच्या अस्तराला इजा होते आणि दम्याच्या वाढीत त्याचा हात असू शकतो. त्यानंतर बरंच संशोधन झालं आणि चित्र तितकं सरळ राहिलं नाही. इंग्लंडमधल्या ब्रिस्टॉल भागात ५,७०० हून जास्त मुलांवर जन्मापासून लक्ष ठेवून केलेला अभ्यास २०११ मध्ये आला, त्यात पोहणाऱ्या मुलांमध्ये वयाच्या १० व्या वर्षापर्यंत दमा वाढलेला दिसला नाही, उलट फुप्फुसांची ताकद थोडी चांगलीच दिसली.

मग दोन्हींचा मेळ कसा घालायचा? मला जे समजलं ते असं की आठवड्यातून एकदोनदा, हवा बरी असलेल्या ठिकाणी पोहणाऱ्या मुलाच्या बाबतीत घाबरण्यासारखं काही दिसत नाही, पण खराब हवेत रोज तासन्‌तास घालवणं ही निराळी गोष्ट आहे. टँकवर काम करणाऱ्या शिक्षक आणि जीवरक्षकांना क्लोरामाइन्समुळे दमा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत, म्हणजे ती हवा निरुपद्रवी नक्कीच नाही. स्पर्धेत उतरणाऱ्या मुलांसाठी प्रश्न १८ बघा.

८. मुलीला आधीपासूनच दमा आहे. पोहणं बंद करू का?

दमा आटोक्यात असेल तर बंद करू नका, हे मी आई म्हणून सांगतेय. पाण्यावरची हवा दमट आणि उबदार असते, त्यामुळे थंड कोरड्या हवेत धावण्यापेक्षा पोहताना श्वासनलिका कमी आकसतात, आणि म्हणूनच दम्याच्या मुलांना पोहायचा सल्ला पूर्वीपासून दिला जातो. २०१३ च्या कॉक्रेन आढाव्यात (कॉक्रेन ही वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था) दमा स्थिर असलेल्या ५ ते १८ वयाच्या २६२ मुलांवरचे ८ अभ्यास एकत्र तपासले होते, त्यात पोहण्याच्या ट्रेनिंगने दमा बिघडला नाही, दमसास आणि फुप्फुसांची क्षमता सुधारली.

पण "आटोक्यात" हा शब्द महत्त्वाचा. रात्री उठून खोकते, आठवड्यातून अनेकदा लगेच आराम देणारा पंप (इन्हेलर) लागतो, नुकताच अटॅक येऊन गेलाय, तर आधी दमा आटोक्यात आणा आणि मग टँक. रोजचा पंप रोज घ्यायचा, पोहणं आहे म्हणून नाही आणि सुट्टी आहे म्हणून बंदही नाही. पोहायच्या आधी पंप घ्यायचा का हे डॉक्टर ठरवतील, लिहून दिला असेल तर साधारण १०-१५ मिनिटं आधी घेतात. आणि लगेच आराम देणारा पंप स्पेसरसकट (पंपाला जोडायची नळी) टँकच्या काठावर, शिकवणाऱ्याच्या हाताला येईल असा ठेवा, लॉकरमध्ये कुलूप लावून नाही. माझ्याकडे पालक लाजून सांगतच नाहीत की मुलाला दमा आहे, बॅचमध्ये घेणार नाहीत अशी भीती वाटते त्यांना, आणि मग पाण्यात धाप लागल्यावर मला पहिल्यांदा कळतं. प्लीज सांगत जा. सुरुवातीला वॉर्म-अप हळू करायला लावायचा, मुलं "बास" म्हणाली की बास.

९. बाळ सहा महिन्यांचं आहे, बेबी स्विमिंगला नेऊ का?

पाण्याशी खेळायला हरकत नाही, पण एवढ्या लहान बाळासाठी मी जागा फार निवडून घेईन. बेबी पूलचं पाणी कोमट असतं, उथळ असतं, त्यात बाळं शू करणारच, म्हणजे क्लोरामाइन्ससाठी एकदम सुपीक जागा. बंदिस्त असेल आणि वास मारत असेल तर अजिबात नको. आईवडिलांपैकी कोणाला दमा किंवा जुनी अ‍ॅलर्जी असेल, बाळ वेळेआधी जन्मलेलं असेल, किंवा छाती वारंवार भरत असेल तर आधी बालरोगतज्ज्ञांना विचारा. आणि गरम पाण्याच्या हॉट टबमध्ये ५ वर्षांखालच्या मुलांना नेऊच नये. तिथे शरीर पटकन तापतं, शिवाय गरम पाण्यात क्लोरीन लवकर संपतं आणि वाफेतून लिजिओनेलासारखे जंतू छातीत जाऊ शकतात.

१०. बंदिस्त टँक बरा की उघडा?

श्वासाच्या दृष्टीने उघडा, कारण वाऱ्याने गॅस उडून जातो. पण वर तंबूसारखं छत आणि चारी बाजूंनी पडदे असतील तर तो नावालाच उघडा. बंदिस्त टँक वाईटच असतो असंही नाही, बाहेरची ताजी हवा भरपूर आत घेणारी यंत्रणा असली तर हवा छान राहते. अडचण येते ती थंडीच्या दिवसांत, गरम केलेली हवा वाया जाऊ नये म्हणून तीच ती आतल्या आत फिरवतात. हवेतल्या ट्रायक्लोरामाइनसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये दर घनमीटरला ०.५ मिलिग्रॅम ही मर्यादा सुचवली होती, फ्रान्समध्ये ०.३ चा आग्रह आहे. आपल्याकडे मोजायला यंत्र नसतं हे खरं, पण काचा घामेजलेल्या, खिडक्या बंद, लोखंडी कठड्यांना गंज, आणि नाकाला झोंबणारी हवा, एवढं दिसलं तरी पुरे.

११. सॉल्ट वॉटर पूलमध्ये तर क्लोरीन नसतं ना? आणि ब्रोमिन, ओझोन, यूव्ही वगैरे?

असतं. मीठ टाकलेल्या पाण्यातून वीज सोडून ते यंत्र जागच्या जागी क्लोरीनच बनवतं. प्रमाण सतत एकसारखं राहतं आणि क्लोरीनचे डबे हाताळावे लागत नाहीत हा फायदा खरा, पण घाम आणि लघवी तिथेही तेच करतात.

ब्रोमिनपासून होणारी संयुगं कमी झोंबतात, पण ब्रोमिनही शेवटी केमिकलच आहे आणि उन्हात टिकत नाही. यूव्ही म्हणजे अतिनील किरणांच्या दिव्याखालून पाणी फिरवलं की क्लोरामाइन्स तुटतात, आणि क्रिप्टोस्पोरिडियमही निकामी होतो, माझ्या मते बंदिस्त टँकसाठी हा खर्च सगळ्यात कारणी लागणारा आहे. ओझोनही मदत करतो, पण तो स्वतः श्वासात गेला तर घातक म्हणून पाणी टँकमध्ये परत येण्याआधी काढून टाकावा लागतो. यूव्ही काय किंवा ओझोन काय, टँकच्या पाण्यात थोडं क्लोरीन किंवा ब्रोमिन ठेवावंच लागतं, कारण दिवा पाइपमध्ये असतो आणि जंतू मुलांच्या मध्ये.

१२. टेस्ट स्ट्रिप आणलीय, आकडे किती यायला हवेत?

पीएच ७.२ ते ७.८ च्या मध्ये. फ्री क्लोरीन टँकमध्ये कमीत कमी १ पीपीएम, हॉट टबमध्ये ३. पाण्यात स्टॅबिलायझर म्हणजे सायन्युरिक अ‍ॅसिड असेल तर कमीत कमी २, कारण ते क्लोरीनला उन्हापासून वाचवतं पण त्याचा जोरही कमी करतं. (गोळ्या वापरणाऱ्यांच्या पाण्यात स्टॅबिलायझर आपोआप वाढत जातो, पाणी बदलल्याशिवाय तो कमी होत नाही, हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही.)

टोटल क्लोरीनमधून फ्री क्लोरीन वजा केलं की उरतं ते कंबाइन्ड, म्हणजे आपली क्लोरामाइन्स. ते ०.४ च्या खाली हवं, काही देशांत तर ०.२ ची मर्यादा आहे. उदाहरणार्थ टोटल ३ आणि फ्री २ असेल तर कंबाइन्ड १, म्हणजे आकडा वरवर छान दिसतोय पण हवा खराब असणार.

पीएचला कमी लेखू नका. ७.५ ला साधारण अर्धं क्लोरीन कामाच्या रूपात असतं, ८ च्या वर गेलं की पाव भागही राहत नाही, मग पाण्यात क्लोरीन असूनही जंतू मरत नाहीत. आणि पीएच फार खाली गेला की डोळे जळतात आणि ट्रायक्लोरामाइन जास्त बनतं.

१३. टँकवाले म्हणतात रात्री "शॉक" दिला. सकाळी मुलांना नेऊ का?

शॉक म्हणजे एकदम भरपूर क्लोरीन टाकून साचलेली क्लोरामाइन्स फोडणं, ढोबळ हिशोब कंबाइन्ड क्लोरीनच्या १० पट असा आहे. म्हणजे वास घालवायला क्लोरीन वाढवावं लागतं, ऐकायला उलटं वाटतं पण तसंच आहे. अर्धवट डोस दिला तर मात्र त्रास कमी व्हायच्या ऐवजी वाढतो. शॉक देताना आणि नंतर काही तास हवेत बरंच काही सुटतं, म्हणून तो मुलं नसताना, दारं-पंखे उघडे ठेवूनच द्यायचा. सकाळी जायच्या आधी एकच विचारा, फ्री क्लोरीन परत नेहमीच्या पातळीवर आलं का आणि मोजलं का. "हो येईल की दुपारपर्यंत" असं उत्तर आलं तर दुपारीच जा.

१४. अचानक सगळी मुलं खोकायला लागली, डोळे जळायला लागले. काय करू?

सगळ्यांना लगेच बाहेर. थांबून कारण शोधू नका, चपला-टॉवेल गोळा करू नका. क्लोरीन गॅस हवेच्या जवळपास अडीच पट जड असतो, खाली बसतो, म्हणून लहान मुलांना उचलून घ्या आणि मोकळ्या हवेत, वारा येतोय त्या दिशेला, सखल जागा टाळून जा. ओले पोहण्याचे कपडे काढा, अंग साध्या पाण्याने धुवा, डोळे जळत असतील तर १५ मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरा. दम्याच्या मुलाला त्याचा पंप द्या. धाप थांबत नाही, ओठ निळसर, बोलता येत नाही, सुस्ती, यातलं काहीही दिसलं तर अ‍ॅम्ब्युलन्स. प्लँट रूममध्ये (पंप आणि केमिकलची यंत्रं असतात ती खोली) शूरपणा करत कोणीही शिरायचं नाही.

असं का होतं तेही सांगते, कारण हे बऱ्याचदा एकाच पद्धतीने होतं. पाणी फिरवणारा पंप बंद पडतो, पण क्लोरीन आणि अ‍ॅसिड सोडणारी यंत्रं चालूच राहतात, दोन्ही पाइपमध्ये एकत्र साचतात आणि त्यातून क्लोरीन गॅस तयार होतो. पंप परत चालू केला की तो सगळा एकदम टँकमध्ये, मुलांच्या अंगावर. म्हणून वीज जाऊन आली किंवा पंप बंद होऊन चालू होतोय असं कळलं की आधी मुलांना पाण्याबाहेर काढायचं, हा नियम मी कधीच मोडत नाही.

१५. गॅस लागला होता पण तासाभरात बरा वाटला. तरी हॉस्पिटल?

नुसतं चुरचुरलं, दोन खोकले आले आणि मोकळ्या हवेत येताच थांबलं तर घरी लक्ष ठेवून चालेल. पण खोकला चालू राहिला, छाती दुखली, सूं सूं आवाज आला, किंवा मुलाला दमा आहे, तर त्याच दिवशी दाखवा. कारण जोरात गॅस गेला असेल तर फुप्फुसात पाणी काही तासांनी साठू शकतं, सुरुवातीला मूल खेळतंय असं दिसलं तरी. याला उतारा असं औषध नाही, ऑक्सिजन आणि श्वासनलिका मोकळी करणारी औषधं देतात आणि देखरेखीखाली ठेवतात. काही जणांना एकाच मोठ्या फटक्यानंतर अनेक महिने दम्यासारखा त्रास राहतो, त्यामुळे नंतरही धावताना खोकला येत असेल तर जुनी घटना डॉक्टरांना आठवणीने सांगा.

१६. घरी छोटा पूल आहे, केमिकल्स कशी ठेवू?

अमेरिकेत २०१५ ते २०१७ या तीन वर्षांत पूल केमिकल्समुळे अंदाजे १३,५०८ वेळा लोकांना इमर्जन्सीमध्ये जावं लागलं आणि त्यातले एक तृतीयांशाहून जास्त १८ वर्षांखालचे होते. जास्तकरून डबा उघडताना किंवा मिसळताना निघालेली वाफ श्वासात गेल्यामुळे.

म्हणून मुलं जवळपास असताना डबा उघडायचाच नाही, मदतीला तर बिलकूल घ्यायचं नाही. डबा उघड्यावर, तोंड लांब ठेवून उघडा. केमिकल पाण्यात टाकायचं, पाणी केमिकलवर कधीच ओतायचं नाही. अ‍ॅसिड आणि क्लोरीन एका कपाटात नको, एकाच मगाने मोजणं तर नकोच, दोन्ही भेटले की क्लोरीन गॅस. दोन वेगळ्या प्रकारचं क्लोरीनसुद्धा मिसळायचं नाही, कॅल्शियम हायपोक्लोराइटची पावडर आणि ट्रायक्लोरच्या गोळ्या एकत्र आल्या तर आग लागू शकते, स्फोट होऊ शकतो. जुना उरलेला डबा नवीन डब्यात रिकामा करायची सवय सोडा. जागा थंड, कोरडी, हवेशीर आणि कुलुपात हवी, आणि पाण्याच्या बाटल्यांमध्ये लिक्विड क्लोरीन भरून ठेवू नका, मुलं पितात.

१७. नाकातोंडात पाणी गेलं, आता "ड्राय ड्राउनिंग" होईल का?

हा शब्द वैद्यकशास्त्रात वापरत नाहीत, पण मोबाइलवर फिरतो आणि आईबाप रात्रभर जागतात. घोटभर पाणी ठसकून दोन मिनिटांत मूल पूर्ववत झालं तर चिंता नको. पाण्याखाली गेलं होतं, ओढून काढावं लागलं, आणि नंतर खोकला, धाप, उलटी, सुस्ती, तोंडाला फेस असं काही आहे, तर लगेच हॉस्पिटल. अशा वेळी लक्षणं सहसा पहिल्या काही तासांतच दिसतात, चारपाच दिवस ठणठणीत असलेलं मूल त्या जुन्या घोटामुळे अचानक जात नाही.

१८. मुलगा स्पर्धांसाठी रोज दोन वेळा पोहतो. त्याच्यासाठी वेगळं काही?

हो. वरच्या पातळीवर पोहणाऱ्यांमध्ये श्वासनलिका हुळहुळ्या होण्याचं, दम्याचं प्रमाण इतर अनेक खेळांपेक्षा जास्त आढळतं. कारण उघड आहे, आठवड्याला कितीतरी तास, दर मिनिटाला प्रचंड हवा, आणि ती सगळी पाण्यालगतची. फिनलंडमध्ये अशा पोहणाऱ्यांना ५ वर्षं पाहिलं तेव्हा खेळ सोडलेल्यांची सूज आणि हुळहुळेपणा कमी झाला, चालू ठेवलेल्यांचा नाही. म्हणजे निदान काही भाग भरून येतो.

खेळ सोडा असं मी म्हणणार नाही, पण वर्षातून एकदा फुप्फुसांची तपासणी करा, जमेल तितके सेशन उघड्या टँकवर घ्या, सर्दी-छातीच्या इन्फेक्शनमध्ये जबरदस्तीने उतरवू नका. आणि "खोकला सगळ्यांनाच येतो, चालायचंच" असं कोच म्हणाले तर ते मनावर घेऊ नका, अख्खी टीम खोकतेय म्हणजे टँकची हवा तपासायची वेळ झालीय. लिहून दिलेल्या पंपांपैकी काहींना स्पर्धांच्या डोपिंग नियमांत डोसची मर्यादा असते, तेवढं डॉक्टरांना आधी सांगा.

१९. पंप देऊनही फरक पडत नाही, घशातून आवाज येतो. हा कसला दमा?

कदाचित दमा नसेलच. दम्यात आवाज मुख्यतः श्वास सोडताना, छातीतून येतो. जोरात व्यायाम करताना श्वास आत घेताना घशातून घरघर येत असेल, गळा आवळल्यासारखं वाटत असेल आणि थांबल्यावर काही मिनिटांत जात असेल, तर स्वरयंत्राची वाट तात्पुरती आकसत असते, विशेषतः मोठ्या वयाच्या मुलांमध्ये. दम्याचा पंप त्यावर चालत नाही, श्वासाचे व्यायाम चालतात. पुढच्या वेळी त्रास होत असतानाच मोबाइलवर व्हिडिओ काढा, आवाज ऐकला की डॉक्टरांना अर्धं काम सोपं होतं.

२०. टँकवाले म्हणतात सगळं ठीक आहे. मी नेमकं विचारू तरी काय?

"क्लोरीन जास्त आहे का" असं विचारू नका, त्यावर "नाही" एवढंच उत्तर येतं. असं विचारा: आजचं फ्री आणि कंबाइन्ड क्लोरीन किती, पीएच किती, शेवटचं कधी मोजलं, रजिस्टर बघू का. ताजी हवा आत येते की तीच फिरते. पंप बंद पडला तर केमिकलची यंत्रं आपोआप बंद होतात का. शॉवर चालू आहेत का आणि मुलांना तिथून सोडतात का. भांडायच्या सुरात नको, चार पालकांनी मिळून शांतपणे विचारलं की फरक पडतो. मी ज्या एका टँकवर शिकवायचे तिथे कंबाइन्ड क्लोरीन कोणी मोजतच नव्हतं, आम्ही रोज विचारायला लागलो तेव्हा किट आलं, नंतर आकडे फळ्यावर लिहायला लागले, आणि बंद ठेवलेला एक्झॉस्ट पंखा पण सुरू झाला. रजिस्टर दाखवायलाच नकार देत असतील तर मी तरी तिथे माझ्या मुलीला पाठवणार नाही.